उपग्रह आकाशात, डबा झाडाखाली

हातात मावणारे जीपीएस यंत्र, थोडेसे सॉफ्टवेअर आणि चालण्याची तयारी असलेल्या कुटुंबांचा खेळ : जिओकॅशिंग

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात पोर्टलंड शहराबाहेर बीव्हरक्रीक नावाची वस्ती आहे. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने त्या परिसरात रस्त्याजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली. बादलीत काही पुस्तके, व्हिडिओ, नकाशाचे एक सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक बेचकी आणि बीन्सचा एक सीलबंद डबा होता. मग त्याने उपग्रहांच्या मदतीने दिशा शोधण्याचा नाद असलेल्या मंडळींना फक्त दोन आकडे कळवले. उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. पत्ता नाही, खूण नाही, 'अमक्या दुकानासमोरून डावीकडे वळा' असे काही नाही. नियम एवढाच, की बादलीतले काहीतरी घ्या, आपले काहीतरी ठेवा आणि नोंद करा. तीन दिवसांत दोनदा ती बादली सापडली. पहिला शोधणारा होता माइक टीग.

ही बादली नेमकी त्याच आठवड्यात का ठेवली गेली, याला कारण आहे. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची व्यवस्था. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ मध्ये कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यानंतर ही व्यवस्था सर्वसामान्य लोकांनाही खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. पण खुली करताना त्यात मेख मारून ठेवली. नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे यंत्र दाखवील त्या जागेपासून खरी जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे असायची. बोट चालवणाऱ्याला तेवढे चालते, पण झाडीत ठेवलेली बादली शोधणाऱ्याला चालत नाही. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मुद्दामची चूक काढून टाकण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री ती निघाली. जगातली लाखो यंत्रे एका रात्रीत, कुणी हातही न लावता, सुमारे दहापट अचूक झाली. अल्मरला ते पडताळून पाहायचे होते. त्याने बादली ठेवून पडताळले, आणि त्या पडताळणीचाच खेळ झाला.

'जिओकॅशिंग' हे नाव त्याच मे महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम याने सुचवले. 'जिओ' म्हणजे भूमी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. रोकड नव्हे. उत्तर अमेरिकेतले जुने शिकारी परतीच्या वाटेसाठी धान्य लपवून ठेवत, त्याला हा मूळ फ्रेंच शब्द वापरत. सप्टेंबर २००० मध्ये सिएटलच्या जेरेमी आयरिशने या डब्यांची यादी ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभर मिळून ७५ डबे होते. आज तीस लाखांहून अधिक आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मिंगो इथे ११ मे २००० रोजी ठेवलेली जागा आजही चालू असलेल्यांत सर्वांत जुनी मानली जाते.

इंग्रज मंडळी मात्र म्हणतील, यात नवे काय? डार्टमूरच्या माळावर क्रॅनमिअर पूल नावाच्या दलदलीजवळ जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली होती. तिथवर चालत जाणाऱ्याने आपले नाव लिहून त्यात टाकावे, अशी पद्धत पडली आणि त्यातून 'लेटरबॉक्सिंग'चा छंद तयार झाला. आपल्याकडेही मे महिन्याच्या सुट्टीत चिठ्ठ्या लपवण्याचा खेळ कोणत्या वाड्यात झाला नाही? फरक इतकाच, की लपवणारा आणि शोधणारा इथे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि चिठ्ठीच्या जागी दोन आकडे आहेत.

दोन आकड्यांचा हिशेब

त्या आकड्यांशी मैत्री झाल्याशिवाय या खेळात पाऊल टाकू नये. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत आणि घोटाळा तिथेच होतो. बेळगाव शहराचा अक्षांश ढोबळमानाने १५.८५ अंश. हाच आकडा अंश आणि मिनिटांत लिहिला की १५ अंश ५१.००० मिनिटे होतो, कारण एका अंशाची साठ मिनिटे. तिसऱ्या पद्धतीत मिनिटांचेही सेकंद पाडतात. जिओकॅशिंगवाले मधली पद्धत वापरतात : अंश, मिनिटे आणि मिनिटांचे तीन दशांश. आता कोणी घाईने '१५ अंश ५१ मिनिटे' हे '१५.५१ अंश' असे यंत्रात भरले, तर काय होईल? यंत्र बिचारे तक्रार करणार नाही. ते तुम्हाला सरळ दक्षिणेला सदतीस-अडतीस किलोमीटरवर, खानापूर ओलांडून लोंढ्याच्या अलीकडच्या जंगलात नेऊन उभे करील.

मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेला सुमारे १.८ मीटर, घरातल्या दाराच्या उंचीपेक्षाही कमी. आपल्या भागात पूर्व-पश्चिम दिशेलाही जवळपास तेवढेच. ओरेगॉनमध्ये मात्र रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत गेलेल्या असल्याने तेच अंतर १.३ मीटर भरते. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तर फार बिघडत नाही, पहिला चुकला तर गाव बदलते.

यंत्र हे कसे ओळखते, याविषयी अनेकांच्या मनात एक गैरसमज असतो. उपग्रह आपल्याला वरून पाहतो आणि आपण कुठे आहोत ते सांगतो, असे वाटते. तसे नाही. हातातले जीपीएस यंत्र रेडिओसारखे फक्त ऐकते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेऱ्या मारणारे उपग्रह 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वाजले आहेत' एवढेच सतत सांगत असतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढते. चार उपग्रह ऐकू आले की जागा ठरते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात तीनशे मीटरची चूक होते, म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे बसवलेली असतात. आणि त्या घड्याळांनाही आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लक्षात घेऊन रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती द्यावी लागते. पाठ्यपुस्तकात रटाळ वाटणारा तो सापेक्षतावाद झाडाखालच्या डब्यापर्यंत असा पोहोचलेला आहे. मुलांना हे जरूर सांगावे.

पिवळे यंत्र आणि त्याची केबल

२००० सालीच गार्मिन कंपनीचे 'ईट्रेक्स' नावाचे छोटे पिवळे यंत्र बाजारात आले. तळहातात मावणारे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे, पावसात भिजले तरी न कुरकुरणारे. पडदा कृष्णधवल, नकाशा नाही. दिसायचा तो एक बाण आणि उरलेले अंतर. त्यात पाचशे ठिकाणे साठवता येत, पण प्रत्येक ठिकाणाचे नाव सहा अक्षरांत बसवावे लागे. प्रत्येक डब्याला 'जीसी'ने सुरू होणारा सांकेतिक क्रमांक असतो. सुरुवातीची वर्षे हे क्रमांक सहा अक्षरांत मावत. डबे वाढले आणि क्रमांक सात अक्षरांचे झाले, तेव्हा जुन्या यंत्रांच्या मालकांना सुरुवातीचे 'जी' किंवा 'जीसी' गाळून नावे भरावी लागली.

सुरुवातीला लोक कागदावर आकडे उतरवत आणि यंत्राची बटणे दाबून एकेक आकडा भरत. एका डब्याला दोन-तीन मिनिटे गेली तर वीस डब्यांना तास गेला, शिवाय चूक होण्याची भीती. म्हणून संगणकाची मदत घेतली जाऊ लागली. 'ईझीजीपीएस'सारखा छोटा फुकट प्रोग्रॅम घ्यायचा, यंत्र केबलने संगणकाला जोडायचे आणि यादी उतरवून घ्यायची. २००२ मध्ये 'जीपीएक्स' ही फाइलची सर्वमान्य पद्धत आली. तोवर प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी होती. त्या भाषांचे एकमेकींत भाषांतर करणारा 'जीपीएसबॅबेल' नावाचा मोफत प्रोग्रॅम रॉबर्ट लाइप यांनी केला. घरात दोन भाषा बोलणाऱ्या आपल्या वाचकांना या प्रोग्रॅमचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको!

खऱ्या शौकिनांचे हत्यार मात्र 'जीसॅक'. त्याचे पूर्ण नाव 'जिओकॅशिंग स्विस आर्मी नाइफ', म्हणजे बहुगुणी चाकू. वर्गणीदारांना आपल्या परिसरातल्या डब्यांची एकगठ्ठा फाइल मिळते. ती 'जीसॅक'मध्ये घालायची आणि मग हवी तशी चाळणी लावायची. लहान मूल बरोबर आहे? मग चढ सोपा असलेलेच दाखव. गेल्या तीन खेपांत कुणालाच न सापडलेले वगळ. जायच्या रस्त्यापासून एक किलोमीटरच्या आतलेच ठेव. प्रत्येक डब्याला दोन प्रकारचे तारे दिलेले असतात. एक शोधायला किती अवघड, दुसरा तिथे पोहोचायला किती अवघड. दोन्ही एकपासून पाचपर्यंत. आज्जी-आजोबा बरोबर असतील तर दुसरा आकडा आधी पाहावा.

२००८ पासून गार्मिनच्या 'कोलोरॅडो' आणि 'ओरेगॉन' या यंत्रांत जागेचे वर्णन, इशारे आणि आधीच्या लोकांच्या नोंदीही यंत्रातच वाचता येऊ लागल्या. छापील कागदांची भेंडोळी संपली. आणि त्याच सुमारास मोबाईल फोनमध्ये जीपीएस आले. आज बहुतेक लोक फोनवरच हा खेळ खेळतात. अँड्रॉइडवर 'सी:जिओ'सारखे मोफत साधन आहे. मग हातातले वेगळे यंत्र हवे कशाला? माझे मत विचाराल तर शहरात नको, रानात हवे. उन्हात त्याचा पडदा स्वच्छ दिसतो, सेल संपले तर दुकानात मिळतात, पडले तर फुटत नाही आणि मोबाईलचा टॉवर नसला तरी त्याचे काही अडत नाही. शिवाय जंगलात वाट चुकल्यावर घरी कळवायला फोनची बॅटरी शिल्लक राहते. हे शेवटचे कारण मला सर्वांत मोठे वाटते.

कुणी जुने यंत्र स्वस्तात विकत घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीआकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो तसा आला. त्यामुळे काही जुन्या यंत्रांवर तारीख एकोणीस-वीस वर्षांमागची दिसते. जागा बहुधा बरोबर दाखवतात, तारखेवर विसंबू नये.

शेवटचे दहा मीटर

उघड्या माळावर चांगले यंत्र तीन ते पाच मीटरपर्यंत नेऊन सोडते. दाट झाडीत किंवा उंच कड्याखाली ही चूक दहा मीटर किंवा अधिक होते, कारण संदेश खडकावर आपटून वळसा घेऊन येतात. त्यात ज्याने डबा ठेवला त्याच्या यंत्राचीही चूक मिसळलेली असते. म्हणून जाणती माणसे शेवटच्या दहा मीटरवर यंत्र खिशात घालतात आणि डोळे वापरतात. साध्या यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसते. आपण चालत असलो तरच त्यांना दिशा कळते. उभे राहिलो की बाण भ्रमिष्टासारखा फिरू लागतो. नवखा माणूस त्या बाणामागे गोल गोल फिरतो. अशा वेळी वीस-तीस पावले दूर जावे आणि सरळ, सारख्या गतीने परत यावे. दोन-तीन बाजूंनी असे केले की बाण जिथे जिथे बोट दाखवतो त्या रेषा एकमेकींना छेदतात. तिथे शोधावे.

माझी एक मावसबहीण शहापूरची. तिचा मुलगा सिएटलजवळ असतो आणि सून धारवाडची. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. आईशी थोडे कानडी, बापाशी थोडे मराठी, बाकी सगळे इंग्रजी. २०१२ च्या उन्हाळ्यात ती सहा महिन्यांसाठी तिकडे गेली. पहिल्या महिन्यातच नातवाशी बोलण्याचे विषय संपले. 'जेवलास का', 'शाळेत काय झाले' एवढे झाले की तो आपल्या खोलीत आणि ती आपल्या जपमाळेत. एका रविवारी मुलगा-सून दोघांना काम निघाले. नातवाला डबा शोधायला शेजारच्या उद्यानात जायचे होते आणि मोठे माणूस बरोबर नसेल तर जायचे नाही, अशी घरात ताकीद. तेव्हा ही निघाली. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पायात सुनेचे बूट.

यंत्र नातवाच्या हातात. तो पुढे, ही मागे. उंच सूचिपर्णी झाडांत बाण फिरू लागला तसा तो वैतागला. ती मात्र एका ओंडक्याकडे पाहत उभी राहिली. ओंडक्याच्या बुडाशी काटक्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, एका दिशेला रचलेल्या. ती म्हणाली, "अरे, हे सरपण कुणी मोडून ठेवलंय बघ. झाडावरनं पडलेली काटकी अशी पडत नाही." लहानपणी येळ्ळूरच्या बाजूला आजोळी सरपण गोळा केलेला तो डोळा. नातवाने काटक्या बाजूला केल्या आणि ओरडला, "आज्जी, सिक्तु!" ती मला फोनवर सांगत होती, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी कानडीत बोलला. त्याला वाटलं असणार, आनंदाची भाषा तीच."

गंमत म्हणजे या खेळातल्या लोकांत अशा रचलेल्या काटक्यांच्या ढिगाला खास टोपणनाव आहे, इतकी ती नेहमीची खूण आहे. तिला ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

डब्यात तिला बेळगावचा कुंदा ठेवायचा होता. नातवाने नियम सांगितला, डब्यात खाण्याचे काही ठेवायचे नाही, वासाने प्राणी येतात. मग तिने पर्समधले पाच रुपयांचे जुने जाड नाणे ठेवले आणि वहीत देवनागरीत नाव लिहिले. पुढचे पाच महिने दर रविवारी ही जोडी निघायची. परत येताना तिची मराठी सुधारली नाही आणि त्याची फार सुधारली असेही नाही. पण 'ओंडका', 'सरपण', 'ढोली', 'कपार', 'मुळी' हे शब्द त्याला आले, आणि हे शब्द घरात बसून कोण कशाला शिकवणार होते?

इतर नियमही त्याच चालीचे आहेत. डबा जमिनीत पुरायचा नाही, म्हणजे शोधणारे उकरत बसणार नाहीत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. हा विचित्र आकडा म्हणजे एक दशांश मैल. जागेच्या मालकाची परवानगी हवी. घेतलेल्या वस्तूइतक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी. न खेळणाऱ्या लोकांच्या नजरेस पडू नये. अशा लोकांना खेळाडू हॅरी पॉटरच्या गोष्टीवरून 'मगल' म्हणतात. काही वस्तूंना सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यासारखा क्रमांकाचा पत्रा लावलेला असतो. ती वस्तू ठेवून घ्यायची नसते, पुढच्या डब्यात नेऊन सोडायची असते आणि तिचा प्रवास नोंदला जातो. अल्मरच्या बादलीतला तो बीन्सचा डबाही नंतर सापडला आणि असा क्रमांक घेऊन खेळाडूंच्या मेळाव्यांतून फिरला. मूळ जागी आता स्मृतिफलक आहे. २००८ मध्ये अंतराळप्रवासी रिचर्ड गॅरियट याने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच एक 'डबा' नोंदवला, आणि २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर असा एक क्रमांक कोरलेला आहे. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरेच.

आपल्या भागात जमेल का?

भारतातही डबे आहेत, पण विरळ. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. बसस्थानकावर आणि रेल्वे फलाटावर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना ऐकत आपली मुले मोठी झाली आहेत. झुडपात टेप गुंडाळलेला डबा लपवणारा माणूस कुणी पाहिला तर तो पोलिसांनाच कळवणार, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. इंग्लंडमध्येही हे घडले आहे. २०११ मध्ये वेदरबी गावात एका कॅफेबाहेर असा डबा पाहून बॉम्बपथक बोलावले गेले आणि त्यांनी तो उडवून दिला. त्यानंतर डबा पारदर्शक असावा, त्यावर खेळाचे नाव स्पष्ट लिहावे, पोलिसांना आधी सांगावे, यावर अधिक भर दिला जाऊ लागला.

आपल्याकडे तर लष्करी भाग, रेल्वेपूल, धरणे, किल्ले आणि देवळांचे गाभारे यांच्या आसपास हा उद्योग करूच नये. भीमगड अभयारण्यात किंवा गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणेच बेकायदा आहे. मग तिथे प्लास्टिकचा डबा ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. तिथल्या जिवांना आपल्या खेळाची गरज नाही.

परदेशातून येणाऱ्या लेकी-जावयांना एक गोष्ट आवर्जून सांगा. फक्त ऐकणारे जीपीएस यंत्र वेगळे आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र वेगळे. दोन्ही दिसायला सारखी असतात, एकाच कंपनीची असतात. दुसऱ्या प्रकारचे यंत्र, तसेच सॅटेलाइट फोन, परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला अशाच उपकरणावरून अडचणीला तोंड द्यावे लागले. तिकडे ते गिर्यारोहकाचा प्राण वाचवणारे साधन आहे, इकडे गुन्हा ठरू शकतो. सामान भरण्याआधीच पाहून घ्यावे.

जुने सरकारी नकाशे ज्यांच्या संग्रही आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या मापावर आधारलेले आहेत, तर जीपीएस यंत्र 'डब्ल्यूजीएस ८४' हे माप वापरते. पृथ्वीचा आकार दोघांनी थोडा वेगळा धरला आहे. त्यामुळे जुन्या नकाशावरून वाचलेले आकडे तसेच यंत्रात भरले तर आपल्या भागात शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. विहीर शोधायला गेलात तर दुसऱ्याच्या शेतात पोहोचाल, आणि बांधाचे भांडण आपल्याकडे आधीच काही कमी नाहीत! यंत्राच्या सेटिंगमध्ये 'डेटम' असा पर्याय असतो. तो पाहून घ्यावा.

मग करावे काय? डबा नसलेला प्रकारही आहे. त्याला 'अर्थकॅश' म्हणतात आणि तो २००४ पासून चालू आहे. दिलेल्या जागी जायचे, तिथली भूरचना निरखायची आणि तिच्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. ठेवायचे काही नाही, उचलायचे काही नाही. गोकाकला घटप्रभा वाळूच्या खडकाच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली पडते. कड्याचे थर किती, रंग कोणते, पाण्याने कडा कुठे झिजवला आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी मुलांचा अर्धा दिवस जाईल, आणि फोटो काढून दहा मिनिटांत परतणाऱ्यांपेक्षा ती अधिक पाहून येतील. पावसाळ्यात मात्र कड्याच्या काठावर जाऊ नये.

दुसरा मार्ग आपल्याच रानात, आपल्याच परसात खेळण्याचा. यासाठी संकेतस्थळावर नोंद करण्याची गरज नाही. मोठ्या मुलांनी पाच डबे लपवावेत, आकडे वहीत लिहावेत आणि लहानांच्या हाती यंत्र द्यावे. डब्यात मराठी आणि कानडी दोन्ही लिप्यांत चिठ्ठी ठेवावी, की हा मुलांचा खेळ आहे, सापडल्यास जागेवर ठेवावा. शेजारच्या रानवाल्याला आधी सांगून ठेवावे. विंचू-सापाच्या दिवसांत कपारीत हात घालण्याआधी काठी घालावी. आणि डबे संध्याकाळी मोजून परत आणावेत. पाचातला एक राहिला तर तो खेळ नव्हे, कचरा.

हिडकल धरणाच्या पाण्यात बुडणारे हुन्नूरचे विठ्ठल मंदिर अनेकांनी पाहिले असेल. पाणी उतरले की उन्हाळ्यात ते उघडे पडते, पावसाळ्यात पुन्हा दिसेनासे होते. त्या धरणाने, आणि आपल्या भागातल्या इतरही धरणांनी, किती गावठाणे पोटात घेतली. तिथे जन्मलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पाणी उतरल्यावर 'इथे आमचा उंबरा होता, इथे चिंच होती' असे ती चालत चालत दाखवू शकतात, पण त्यांच्यामागे ते दाखवणारे कुणी नाही. तिथे झाडही नाही आणि भिंतही नाही. खुणा सगळ्या गेल्या, पण आकडे पाण्याने पुसले जात नाहीत. घरात यंत्र असेल तर पुढच्या उन्हाळ्यात गाळ वाळल्यावर त्यांना घेऊन जावे. त्यांनी काठी टेकवली त्या जागी यंत्र दोन-चार मिनिटे स्थिर धरावे. बऱ्याच यंत्रांत सरासरी काढण्याची सोय असते, ती वापरावी. नाव जसे ते उच्चारतील तसे लिहावे. कुणी 'बावी' म्हणेल, कुणी 'विहीर', दोन्ही लिहावे. शेवटी तारीख, मापाचे नाव 'डब्ल्यूजीएस ८४' आणि सांगणाऱ्याचे नाव. फाइल 'जीपीएक्स'मध्ये ठेवावी, कारण ती पुढेही कोणत्याही साधनात उघडण्याची शक्यता अधिक. आणि तेच आकडे शाईने वहीत उतरवून ती वही देवघराच्या कपाटात, शेताच्या उताऱ्यांबरोबर ठेवावी.